अंगठ्याचा तोतया

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडनं चिकलठाण्याचं विमानतळ मागं टाकलं की पुढं शेंद्रा लागतं. एके काळी हे गाव मांगीरबाबाच्या यात्रेसाठी माहीत होतं. 2001 मध्ये इथं स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि पुढं त्याच आवारात ऑडीही जुळू लागल्या. जुळू लागल्या म्हणजे शब्दशः जुळू लागल्या: परदेशातून पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथं गाडी उभी राहायची. टप उघडणारी ऑडी ए 3 कॅब्रिओले मात्र या रांगेत कधी लागली नाही. ती 2014 च्या डिसेंबरात भारतात आली ती सगळी बांधून, तयार होऊनच. आता ज्या शहरानं 2010 मध्ये एका दिवसात 150 मर्सिडीज विकत घेतल्या, तिथं उघड्या टपाच्या गाडीचं कौतुक करावं का, हा प्रश्नच आहे. मला कौतुक आहे, पण ते गाडीचं नाही. त्या टपाला रिमोटवर नाचवणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या एका डबीचं आहे.

ए 3 चा टप कापडी. उघडायला साधारण 18 सेकंद लागतात, ताशी 50 किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालू गाडीतही उघडतो. आधी काचा खाली सरकतात, मग टपाची पुढची कड काचेच्या चौकटीपासून सुटते, सांगाडा वर उठतो आणि घडी होऊन मागच्या सीटमागं जाऊन बसतो. हे सगळं पाहायला गंमत वाटते, पण अशा बहुतेक गाड्यांत एक अट असते: बटण शेवटपर्यंत दाबून धरायचं. अंगठा उचलला की टप आहे तिथंच थांबतो, मग तो अर्धवट हवेत असला तरी.

ही अट काढून टाकायला बाहेर मॉड्यूल मिळतं, तीच ही डबी. ते बसवलं की गाडीपासून दहा पावलांवर उभं राहून किल्लीवरचं बटण ठरावीक पद्धतीनं दाबायचं, आणि टप आपला आपण उघडतो. मला पहिल्यांदा वाटलं, या डबीत निदान एक मोटर असेल, एखादी एरियल तरी असेल. दोन्ही नसतात. टप ओढणारा पंप गाडीचाच, किल्लीचा रेडिओ संदेश ओळखणारी यंत्रणाही गाडीचीच. डबी फक्त ऐकते आणि बोलते.

कुठं बोलते? नीट पाहायचं तर बटणाच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा काढावा लागेल. ऑडीसारख्या फोक्सवॅगन घराण्याच्या गाडीत तिथल्या जुडग्यात दोन वायरी एकमेकींना पीळ घालून गेलेल्या दिसतात, सुतळीसारख्या. एक नारिंगी अंगावर तपकिरी रेघ असलेली, दुसरी नारिंगीवर हिरवी रेघ असलेली. यांना कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीनं 1983 मध्ये हे काम हाती घेतलं आणि 1986 मध्ये डेट्रॉइटला जगासमोर मांडलं. त्याआधी प्रत्येक बटणापासून प्रत्येक मोटरीपर्यंत वेगळी वायर जायची आणि गाडीच्या पोटात वायरींचं जंगल माजायचं. आता दार, इंजिन, ब्रेक, टप यांचे छोटे संगणक अशाच मोजक्या जोड्यांवर आपापसांत बोलतात.

सगळे एकदम बोलले तर? इथं खरी करामत आहे. शांत असताना दोन्ही वायरींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. कुणाला शून्य म्हणायचं असेल तर तो एकीला साडेतीनपर्यंत चढवतो, दुसरीला दीडपर्यंत उतरवतो. एक म्हणायचं असेल तर काहीच करायचं नाही. पाच जणांनी एक दोर धरलाय असं समजा. एकानं ओढला तरी दोर ताणलेलाच, बाकीच्यांचं न ओढणं दिसतच नाही. प्रत्येक संदेशाची सुरुवात एका क्रमांकानं होते, आणि बोलणारा स्वतःचं बोलणं ऐकतही असतो. आपण दोर सैल सोडला आणि तरी तो ताणलेला आहे, हे कळताच तो मुकाट्यानं थांबतो. लहान क्रमांकाचा संदेश पुढं जातो, त्यातलं एक अक्षरही वाया जात नाही. सेकंदाला पाच लाख बिट हा गाडीतला नेहमीचा वेग. त्या वेगानं हा सगळा निकाल लागायला पापणी लवायला लागणाऱ्या वेळाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही वेळ लागत नाही.

पण त्या क्रमांकात बोलणाऱ्याचं नाव नसतं. ‘अनलॉक दाबलं’ एवढंच येतं, कुणी सांगितलं ते येत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा पेशव्यांच्या दरबारानं त्याची कसून चौकशी केली आणि शेवटी 1776 मध्ये त्याला देहदंड दिला. कॅन बसच्या दरबारात असली चौकशी मुळात नव्हतीच. आपली डबी नेमका याचाच फायदा घेते. बटणामागचा वायरींचा कपलर सोडवायचा, मध्ये डबी जोडायची, कपलर पुन्हा बसवायचा. एकही वायर कापायची नाही. ‘अनलॉक दाबलं’ हे दोनदा-तीनदा कानावर आलं की ती सलग 18 सेकंद म्हणत राहते, बटण दाबलेलं आहे, दाबलेलंच आहे. टपाच्या संगणकाला अंगठा आणि अंगठ्याचा तोतया यांत फरक करता येत नाही.

याच भोळेपणाची दुसरी बाजू 2015 मध्ये अमेरिकेत दिसली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संगणक-सुरक्षा संशोधकांनी मैलोगणती दूर बसून रस्त्यावर धावणारी जीप बंद पाडली, आणि कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आता बऱ्याच गाड्यांत दोन जाळ्यांमध्ये दारवान बसवलेला असतो, कुणाचा संदेश पलीकडे जाऊ द्यायचा ते तो ठरवतो. म्हणून डबी घेताना ती आपल्याच मॉडेलसाठी, आपल्याच वर्षाच्या गाडीसाठी आहे ना, हे पाहणं आलं. काळी टेप गुंडाळून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये, असं माझं मत आहे. वॉरंटीचं काय होईल तेही आधीच विचारून घ्यावं.

आणि एक गोष्ट तोतयाला येत नाही. अंगठा बटणावर असतो तेव्हा त्या माणसाचे डोळेही गाडीतच असतात. मागच्या सीटवर पोराचा हात घडीत येतोय, पार्किंगचं बीम खाली आहे, हे दिसलं की अंगठा आपसूक उचलला जातो. डबीला डोळे नाहीत. म्हणून चांगल्या मॉड्यूलमध्ये टप मध्येच थांबवायची सोय ठेवलेली असते: किल्लीवरचं कोणतंही बटण दाबा, घडी जागेवर थांबते.

पहिली चाचणी उघड्या मैदानात करावी. गाडीजवळच उभं राहावं. काचा उतरतात, टप उठतो, शेंद्र्याचं रखरखीत ऊन आत शिरतं, आणि किल्ली धरलेल्या माणसाचा अंगठा त्या 18 सेकंदांत बटणावरच टेकलेला असतो, केव्हाही दाबायच्या तयारीत.