डोंगरात बिऱ्हाड न्यायचे आहे? मग आषाढात जाऊन या

गेल्या माघात आमच्या घरात एक विषय निघाला आणि होळी आली तरी मिटला नाही. धाकट्या दिरांचा मुलगा दोन दिवस पाचगणी-महाबळेश्वर हिंडून आला आणि चप्पल काढायच्या आत म्हणाला, "काकू, कालव्याखालची दीड एकर काढू या आणि वर डोंगरात जागा घेऊ. चार खोल्या बांधायच्या, पुढे स्ट्रॉबेरी लावायची. तिथं पाव्हणा दारात येऊन पैसे देऊन जातोय!"

आम्ही फलटणकडची माणसे. उन्हाने पोळलेली. त्यामुळे गार वाऱ्याचे कौतुक आम्हाला जरा जास्तच. पोराची सूनही कबूल झाली. दिरांनी मात्र एकच शब्द टाकला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, पण पोरगा हट्टाला पेटला. शेवटी मीच म्हटले, आपली अक्का तिकडेच दिली आहे, तिच्याकडे चार दिवस राहून येऊ. पण जायचे ते मे महिन्यात नाही, आषाढात.

अक्का ही माझी मावसबहीण. महाबळेश्वर तालुक्यातल्या एका लहान गावात तिचे घर आहे. वाई सोडून पसरणीचा घाट चढलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पाचगणीला चांगला लागला. पुढे महाबळेश्वर अठरा-वीस किलोमीटर, पण तेवढ्यात दुनिया बदलली. दिवसा गाडीचे दिवे लावूनही पुढचे दिसेना. पाचगणीला पडतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पाऊस महाबळेश्वरला पडतो, वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. आपल्याकडे फलटण-माणात वर्षाकाठी पाचशे झाला तर आपण गुढी उभारू. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. आपले सारे वर्ष तिथे एका दिवसात! त्या पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग वाहून गेला आणि डोंगरातल्या कितीतरी वाड्यांचा संपर्क तुटला.

अक्काच्या घराला पावसाच्या अंगाने गवताच्या ताट्या बांधल्या होत्या. आत दिवसा दिवा. चुलीवर वलणी, वलणीवर कपडे, आणि कपड्यांना धुराचा वास. मीठ पाझरलेले, काड्यापेटी डब्यात. भिंतीला हात लावला तर ओला. सूनबाईने नेलेल्या पापडांना तिसऱ्या दिवशी बुरशी आली.

अक्का हसून म्हणाली, "उन्हाळ्यात समदी येत्यात नि म्हनत्यात, अक्का, किती गार गं तुमच्याकडं! मी म्हनते, आषाढात या, मंग सांगा. चार महिन्यांचं सरपण, दाणा, मिरची, जनावराची वैरण, समदं मिरगाच्या आधी घरात पायजे. एकदा लागला की देवसुद्धा भायेर निघत न्हाई."

पुढे तिने जे सांगितले ते ऐकून मात्र पोरगा गप्प झाला. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात तिच्या वाडीला पाणी पुरत नाही. डोंगरमाथ्यावर जांभा खडक, उतार उभा, पडलेले पाणी थांबत नाही. ते कृष्णा-कोयनेतून खाली आपल्याकडे येते आणि आपला ऊस पिकवते! वरची बाई मात्र हंडा घेऊन झऱ्यावर पाळी लावते. त्याच दिवसांत पाहुण्यांची गर्दी असते. चार खोल्यांना रोज किती हंडे लागतील, याचा हिशेब सूनबाईने तिथेच बोटांवर केला.

आता स्ट्रॉबेरीचे. तिची थोरवी खोटी नाही. तांबडी, निचऱ्याची जमीन आणि थंड रात्री तिला मानवतात. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच भागातून येते आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे पीक म्हणजे ऊस नव्हे, की लावला आणि पाणी सोडले. मातृरोपे परदेशातून येतात. पावसाळ्यात ती वर टिकायची नाहीत म्हणून पुष्कळजण खाली वाईच्या अंगाला त्यांची रोपवाटिका करतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लागवड, ठिबक, वर प्लॅस्टिकचे आच्छादन. एकराला वीस-पंचवीस हजार रोपे लागतात. पहिला पैसा दिसायच्या आधी किती घालावा लागतो ते यावरून समजा. मग नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तोडणी, तीही पहाटे, वाकून, एकेक फळ देठासकट. फळ दोन दिवसांत माल विकला पाहिजे असे नाजूक. पुणे सव्वाशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुप्पट.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा रस्ते बंद, पाहुणे बंद, बाजार बंद. ऐन तोडणीचे फळ काही शेतकऱ्यांनी गाईंना घातले. आमच्या अक्काच्या दिरांनीही घातले. ती सांगत होती, "गुरं बोटं चाटत होती, नि माणसं रडत होती." पाहुण्यावर उभे राहिलेले घर पाहुणा थांबला की कसे डुगडुगते, ते त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले.

मी तिकडची सगळीच वाईट बाजू सांगते आहे असे वाटायला नको. भिलारला आम्ही मुद्दाम थांबलो. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले. घराघरांत मराठी पुस्तके मांडली आहेत, कुणीही बसून फुकट वाचावीत. पुस्तक वाचायला आलेला माणूस तिथे जेवतोही, राहतोही, जाताना फळे नेतो. गावाने आपले घर, आपली शेती न सोडता पाहुणा आणला, हे मला फार आवडले. पण भिलारचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथले आहेत. भाऊबंद आहेत, आडल्या-नडल्याला हाक मारायला शेजारी आहेत. आपण उपरे जाणार.

जमिनीचेही ऐका. आपण शेतकरी, सातबारा आपल्या नावावर, म्हणून घ्यायला कायद्याची अडचण नाही. खरी अडचण पुढे येते. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यातली निम्मी मुंबईत माथाडी कामाला. एकाने सही केली तरी बाकीचे उभे राहतात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. शेजारी राखीव वन असेल तर मोजणी झाल्याशिवाय खुंटा रोवू नये. आणि महाबळेश्वर-पाचगणीचा भाग जानेवारी २००१ पासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आहे. झाड तोडणे, खाण काढणे, डोंगर पोखरून बांधणे यांवर बंधने आहेत. दलाल म्हणतो, "होऊन जातंय." होऊन जात नाही. आमच्या ओळखीच्या एकाने तशाच भरवशावर जोते घातले, ते तसेच शेवाळ धरून पडले आहे. खाली विकलेली बागायत काही परत मिळाली नाही.

परतताना तापोळ्याच्या वाटेला लागलो. खाली कोयनेचे शिवसागर जलाशयाचे पाणी. पाहुणे तिथे नावेत बसतात आणि फोटो काढतात. त्या पाण्याखाली गावे आहेत. धरणासाठी उठलेली माणसे सोलापूर, सांगली, ठाण्याकडे पांगली. आमच्या गाडीत अक्काचे थोरले दीर होते, ते पाण्याकडे बोट करून म्हणाले, "आमची आत्या त्या तिथं दिलेली हुती. आता कुठं दाखवायचं?" आम्ही सगळे उतरून उभे राहिलो. ज्या डोंगराची माणसे पोटासाठी किंवा धरणासाठी बाहेर गेली, त्याच डोंगरात आपण मजा म्हणून घर शोधतो आहोत, हे सूनबाई हळूच बोलली. पोराने उत्तर दिले नाही.

घरी आल्यावर चार रात्री बोलणी झाली. शेवटी ठरले ते असे. दीड एकर विकायची नाही. अक्काच्या दिरांचे वीस गुंठे एका हंगामासाठी वाट्याने करायचे, रोपांचा खर्च निम्मा-निम्मा. अक्काच्या घराची मागची एक खोली पोराला राहायला. पाहुणे आले तर अक्काच्याच चुलीवर पिठले-भाकरी, नाचणीची असली तर अजून बरे. शहरातल्या माणसाला तेच हवे असते.

दोघे भाद्रपदाच्या शेवटी वर गेले. दिवाळीला आले तेव्हा पोराचे हात फुटले होते आणि सूनबाईने डालीभर पहिली फळे आणली होती, थोडी आंबट. चैत्रापर्यंत राहायचे म्हणतात. जाताना सूनबाईने आपल्या घरचे दोन मोठे पाण्याचे पिंप मागून नेले.