भोगवटादार वर्ग २

भोगवटादार वर्ग २ हा महाराष्ट्रातील जमिनीचा एक धारणाप्रकार आहे. अशी जमीन धारकाकडे कायमस्वरूपी असते व वारसाहक्काने पुढील पिढीकडे जाते. मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून तिची विक्री करता येत नाही. व्यवहारात तिला 'नवीन शर्तीची जमीन' म्हणतात. हा निर्बंध विक्रेत्याच्या व्यक्तीशी नव्हे, तर जमिनीशी निगडित असतो. त्यामुळे अशा जमिनीवरील भूखंड, घर किंवा सदनिका विकत घेणाऱ्यासही तो लागू होतो.

कायदेशीर आधार

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये भोगवटादारांचे वर्ग सांगितले आहेत. हस्तांतरणावर निर्बंध नसलेला धारक वर्ग १ मध्ये, तर निर्बंध असलेला वर्ग २ मध्ये मोडतो. कलम ३६ अन्वये वर्ग २ च्या धारकास शासन, बँक किंवा सहकारी संस्थेकडे कर्जासाठी जमीन गहाण ठेवता येते. म्हणून बोजा नोंदलेला आहे, एवढ्यावरून जमीन विक्रीस मोकळी आहे असे ठरत नाही.

जमिनींचे प्रकार

शासनाने भूमिहीन, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त किंवा गृहनिर्माण संस्थांना दिलेल्या जमिनी या वर्गात येतात. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ नुसार वतनदारांना पुन्हा प्रदान केलेल्या जमिनी, त्यांत महार वतनाच्याही, याच वर्गातील आहेत. दुर्बल धारकाची जमीन धनिकाच्या हाती जाऊ नये, हा या निर्बंधांमागील मूळ हेतू होय.

कूळकायद्याने कुळांना मिळालेल्या जमिनींवरही निर्बंध असतो. पश्चिम महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीनुसार, खरेदीस १० वर्षे झाल्यावर आकाराच्या ४० पट रक्कम भरून पूर्वपरवानगीविना अशी जमीन विकता येते. मात्र त्यासाठी खरेदीदार शेतकरी असणे यासारख्या अटी आहेत. आदिवासी धारकाची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विकण्यावर कलम ३६-अ चा स्वतंत्र व अधिक कडक निर्बंध आहे.

घरखरेदीवरील परिणाम

खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे मालकी निर्दोष झाली, हा समज चुकीचा आहे. विक्रेत्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदारास मिळतो. परवानगी नसल्यास फेरफार नामंजूर होऊ शकतो. शर्तभंग सिद्ध झाल्यास दंड व नजराणा भरून व्यवहार नियमित करावा लागतो, किंवा जमीन शासनजमाही होऊ शकते. साठेखत अथवा कुलमुखत्यारपत्रावर स्वस्तात घेतलेल्या भूखंडांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो.

शासकीय जमिनीवरील सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका विकतानाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व हस्तांतरण शुल्क यांचा प्रश्न येतो. मात्र मूळ प्रदान कोणाला झाले, हे महत्त्वाचे असते. मुंबईतील कफ परेड येथील एका प्रकरणात जमीन संस्थेस नव्हे, तर विकासकास भाडेपट्ट्याने दिलेली होती. त्यामुळे सदनिकेच्या हस्तांतरणावर शासनाला असे शुल्क मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

पडताळणी

गाव नमुना सातवर 'भू-धारणा पद्धती' आणि 'इतर अधिकार' या रकान्यांत संबंधित नोंदी असतात. शहरी भागात मालमत्ता पत्रकावरील 'सत्ता प्रकार' पाहावा लागतो. वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही गाव नमुना १-क मध्ये ठेवली जाते. चालू उताऱ्यात शर्तीचा उल्लेख गळलेला असू शकतो. त्यामुळे जुने फेरफार व मूळ प्रदान आदेशही तपासले जातात. वकिलाकडून साधारणतः ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घेण्याची प्रथा आहे. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांत जमिनीच्या हक्कासंबंधीची कागदपत्रे संकेतस्थळावर पाहता येतात.

वर्ग १ मध्ये रूपांतर

शासनाने प्रदान केलेल्या व भाडेपट्ट्याच्या जमिनींच्या रूपांतरासाठी २०१९ मध्ये नियम करण्यात आले. जमिनीचा वापर आणि वार्षिक मूल्यदर यांवरून अधिमूल्य ठरते. ते भरल्यावर रूपांतराचा आदेश निघतो व अभिलेखात फेरफार होतो. सर्व प्रकारच्या जमिनी या नियमांत बसत नाहीत. रूपांतर किंवा विक्रीची परवानगी यांपैकी जे लागू असेल ते खरेदीखतापूर्वी विक्रेत्याने पूर्ण करावे आणि तशी अट साठेखतात घालावी, ही खरेदीदाराच्या दृष्टीने सुरक्षित पद्धत मानली जाते.