तांत्रिक संज्ञापन : व्यवसाय सांभाळून करावयाचा एक अभ्यास

काही वर्षांपूर्वी तमक श्वासाच्या एका रुग्णेस मी रसायन कल्प दिला आणि चिठ्ठीवर ‘सकाळी उपाशीपोटी घ्यावे’ असे लिहिले. सव्वा महिन्याने, ऐन पावसाळ्यात, वेग येऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. औषधाची बरणी पाहिली तर जवळजवळ भरलेलीच! चौकशीअंती कळले की त्या बाई औषध केवळ गुरुवारी व एकादशीस, म्हणजे उपवासाच्या दिवशीच, घेत होत्या. निदान व औषधयोजना यथायोग्य होती. माझे वाक्य मात्र सदोष होते. त्या दिवसापासून लेखन हाही चिकित्सेचा भाग आहे, असे मी मानू लागलो.

विषय कोणता?

शास्त्रीय माहिती ती वापरणाऱ्यास नेमकी कळावी आणि तीनुसार त्याला कृती करता यावी, अशा रीतीने ती मांडण्याच्या विद्येस ‘तांत्रिक संज्ञापन’ म्हणतात. औषधाचे माहितीपत्रक, यंत्राची पुस्तिका, निर्मितीशाळेतील प्रमाण कार्यपद्धती, संशोधनाचा अहवाल हे सर्व तिच्या कक्षेत येते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेने १९५३ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

आपणांस ही कल्पना परकी वाटू नये. चरकाने सिद्धिस्थानाच्या अंती ३६ आणि सुश्रुताने उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. उद्देशाने विषय थोडक्यात सांगावा, निर्देशाने विस्तारावा, स्वसंज्ञेने शास्त्राचा पारिभाषिक शब्द निश्चित करावा, हे सर्व ग्रंथरचनेचेच नियम होत. भेद इतकाच की तंत्रयुक्तींचा वाचक हा शास्त्र जाणणारा वैद्य आहे, तर या नव्या विद्येचा वाचक बहुधा शास्त्र न जाणणारा रुग्ण किंवा कामगार असतो.

अभ्यास कसा चालतो?

टेक्सस टेक विद्यापीठासह अमेरिकेतील काही विद्यापीठे ही पदव्युत्तर पदवी ऑनलाईन देतात. वाचकाचे विश्लेषण, संपादन, पृष्ठरचना, सूचनालेखन आणि लिहिलेला मजकूर प्रत्यक्ष वाचकांकडून तपासून घेणे, हे विषय त्यात सामान्यतः असतात. परीक्षेपेक्षा स्वाध्यायांवर भर असतो, आणि स्वाध्यायासाठी विद्यार्थ्यास आपल्याच कामातील कागद घेता येतो. म्हणजे एखाद्या औषधालयाचे मालक आपल्या आसवाचे माहितीपत्रकच अभ्यासासाठी घेऊ शकतात. नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांसाठी या पद्धतीचे खरे बळ येथेच आहे.

वेळेचा हिशेब मात्र आधी मांडावा. पदवी ३० श्रेयांकांची व प्रत्येक विषय ३ श्रेयांकांचा धरल्यास दहा विषय होतात. वर्षात दोन सत्रे आणि सत्रात एकच विषय घेतल्यास पाच वर्षे लागतील; दोन घेतल्यास अडीच. थेट वर्ग असल्यास टेक्ससमधील सायंकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे, ऋतूनुसार, पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच. ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश आपण रुग्णांस नित्य करतो. येथे तो स्वतःस लागू होईल.

प्रवेशापूर्वी विचार

पहिली गोष्ट, ही पदवी म्हणजे चिकित्सेची पात्रता नव्हे. नामफलकावर ती तशी भासेल अशा रीतीने लावणे गैर होय. दुसरी, शुल्क डॉलरमध्ये असते. वर्षागणिक खर्च व विनिमयदर यांचा विचार करावा. तिसरी, अध्यापन इंग्रजीतून असते. तत्त्वे तेथे शिकता येतील, परंतु मराठी रुग्णासाठी मराठीत लिहिण्याचा सराव स्वतःच करावा लागेल. भारतात ती पदवी नोकरीसाठी वापरावयाची असल्यास मान्यतेची खात्री प्रवेशापूर्वीच करावी. केवळ ओळख हवी असणाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘रायटिंग इन द सायन्सेस’ यासारख्या लघु-अभ्यासक्रमाने आरंभ करावा. शोधनिबंध लिहू इच्छिणाऱ्या वैद्यांसही तो उपयुक्त आहे.

आजच करता येण्याजोगे

पदवी घ्यावी अथवा न घ्यावी, एक प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना इंग्रजी व हिंदीत असावी, असे औषधे नियम, १९४५ यांतील नियम १६१ सांगतो. केवळ मराठी जाणणाऱ्या आजीबाईंना ती समजावून देणे हे वैद्याचे व औषधविक्रेत्याचे काम उरते. म्हणून आपली एक नेहमीची चिठ्ठी किंवा पत्रक घ्यावे आणि पाच रुग्णांना वाचावयास द्यावे. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्यास उत्तर ‘हो’ असेच येते. ‘हे औषध उद्या कधी, किती व कशाबरोबर घ्याल?’ असे विचारावे. ज्या शब्दाशी दोघे अडखळतील, तो शब्द बदलावा.

माझ्या चिठ्ठीवर आता ‘रोज सकाळी, काही खाण्यापूर्वी’ असे छापलेले असते. एवढ्या चार-पाच शब्दांसाठी एका रुग्णेस रुग्णालयाची वाट धरावी लागली. इतरांवर ती पाळी न येवो, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.