संक्रांत आणि पानिपत: चार दिवसांचे अंतर

मकरसंक्रांतीचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पानिपतची लढाई संक्रांतीच्याच दिवशी झाली, त्यावरूनच 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार रूढ झाला, आणि त्या दुःखामुळेच आपण या सणाला काळे नेसतो, अशीही पुस्ती कोणी जोडतो. भोपाळसारख्या उत्तरेच्या वाटेवरच्या गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते. ती खरी आहे का, हे मात्र एकदा पारखून पाहायला हवे. तिच्यामुळे सणावर सुतकाची छाया पडते आणि पानिपतचे खरे कारणही नजरेआड होते.

आधी तारीख पाहू. लढाई झाली बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी, शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून तेव्हाही ती १४ लाच असेल असे आपण गृहीत धरतो. इथेच घोटाळा होतो. संक्रांत चंद्राच्या तिथीवर नाही, तर सूर्याच्या राशीप्रवेशावर ठरते, आणि आपल्या पंचांगातला हा प्रवेश तारकांच्या संदर्भाने मोजलेला असतो. असे तारकांनी मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. आपले इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालते. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते.

याचा पुरावा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्या दिवशीची तारीख होती १२ जानेवारी १८६३. तिथून आणखी शंभर वर्षे मागे गेलो, तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे पानिपतच्या लढाईच्या सुमारे चार दिवस आधीच संक्रांत होऊन गेली होती.

मग वाक्प्रचार आला कुठून? त्यासाठी पानिपतपर्यंत जाण्याची गरज नाही. संक्रांत ही देवी मानली गेली आहे. तिने संकरासुराला मारले आणि दुसऱ्या दिवशी किंकरासुराला, म्हणून तो दुसरा दिवस किंक्रांत, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. पंचांगात दरवर्षी तिचे वाहन, वस्त्र, शस्त्र, ती कोणत्या दिशेकडून येते आणि कोणत्या दिशेकडे पाहते, हे सगळे दिलेले असते. ती जे धारण करते ते महागते आणि जिकडे पाहते तिकडे संकट येते, असा समज आहे. मंदा, मंदाकिनी, ध्वांक्षी, घोरा, महोदरी, राक्षसी, मिश्रा ही तिची नावे तर पानिपतच्या कितीतरी शतके आधीच्या धर्मग्रंथपरंपरेतली आहेत. अमक्यावर संक्रांत आली, असे म्हणण्याचे मूळ या कल्पनेत सहज सापडते.

काळ्या वस्त्राचेही तसेच. पौषातल्या थंडीत काळे वस्त्र उन्हाची ऊब धरते. शिवाय ते सुतकाचे असते, तर नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला कौतुकाने काळी चंद्रकळा नेसवून तिला हलव्याचे दागिने घातले असते का? तान्ह्या बाळाला काळे झबले घालून बोरन्हाण केले असते का?

संक्रांतीचा खरा संबंध आहे तो धान्याशी. सुगडात आपण काय भरतो ते आठवा: हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे, गाजरे, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. तीळ खरिपाचे, दिवाळीच्या आगेमागे घरात आलेले. गूळ नुकत्याच सुरू झालेल्या गुऱ्हाळांतला. हरभरा आणि गहू मात्र अजून शेतात उभे. आपल्या भोपाळच्या आसपास गव्हाची कापणी मार्च-एप्रिलमध्ये होते. संक्रांतीला शिवार हिरवेच असते. म्हणून हा सण निम्मा हाती आलेल्या पिकाचा आणि निम्मा येऊ घातलेल्या पिकाच्या आशेचा आहे. तमिळनाडूचा पोंगल, पंजाबची लोहडी, आसामचा माघ बिहू याच दिवसांत येतात. आपल्याकडे लोक नर्मदास्नानाला नर्मदापुरमच्या सेठानी घाटावर जातात, खिचडीचे दान करतात, आणि माळव्यात मुले गिल्ली-दांडा खेळतात.

आता याच धान्याच्या नजरेने पुन्हा पानिपतकडे पाहा. १७६० च्या उन्हाळ्यात सदाशिवरावभाऊंची फौज हंडियाजवळ नर्मदा ओलांडून सिहोर, बैरसिया, सिरोंज या वाटेने उत्तरेला गेली. ही सगळी आपल्या पायाखालची गावे आहेत. पुढे नोव्हेंबरपासून पानिपतला दोन्ही सैन्ये समोरासमोर अडून राहिली. सागरचे गोविंदपंत बुंदेले मराठ्यांसाठी रसद जमवत आणि अब्दालीची रसद तोडत होते. ते डिसेंबरात मारले गेले. मराठ्यांच्या छावणीत सैनिकांखेरीज बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. दाणा संपला, वैरण संपली, जनावरे मरू लागली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून माणसे १४ तारखेच्या सकाळी बाहेर पडली. त्याआधीच्या चार दिवसांत कधीतरी त्या छावणीवरून संक्रांत येऊन गेली. तेव्हा तिथे तीळगुळाचा सण कोणत्या घरात झाला असेल?

दोन्ही घटना एका दिवशी घातल्या की हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पराभव देवीच्या दृष्टीवर ढकलला जातो. तुटलेली रसद, लांबलेली मोहीम, न मिळालेले मित्र यांचा विचार मागे पडतो. आणि सण? त्यावर भीतीची पुटे चढत जातात. अमक्या रंगावर संक्रांत आहे, एकुलत्या मुलाच्या आईने अमुक करावे, अशी एखादी अफवा दरवर्षी फिरते आणि शिकलेल्या घरांतही ती पाळली जाते. हळदीकुंकवाला विधवा बाईला न बोलावण्याची रीत याच शुभ-अशुभाच्या धाकावर टिकून आहे. पिकाच्या वाट्याचा हा सण; त्यात कोणाला वगळण्याचे कारण धान्यात तर कुठे दिसत नाही.

तेव्हा आपल्या घरातल्या हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना तीळगूळ देताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, पण वेगवेगळ्या सांगाव्यात. संक्रांतीला सुगडातल्या ओंबीची गोष्ट सांगा. पानिपतच्या वीरांचे स्मरण पौष शुद्ध अष्टमीला करा, आणि त्या दिवशी आपल्या गावाजवळून गेलेल्या त्या वाटेचे नाव मुलांना नकाशावर दाखवा.