जुना गावनकाशा, आजची जमीन

विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात नव्याने हाती घेतलेल्या पाहणीतून मुंबई इलाख्याची जमीनमोजणीची पद्धत आकाराला आली, आणि शेजारच्या सुपे परिसरातील जुन्या गावनकाशांमागेही त्याच पद्धतीतली ३३ फुटी मोजणीची साखळी आहे. या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. या मोजणीने शेतांची अंतरे आणि आकार नोंदले, अक्षांश-रेखांश मात्र नोंदले नाहीत. त्यामुळे असा नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएससारख्या संगणक-प्रणालीत उघडला, तरी तो चित्रकणांचा पसाराच राहतो. त्यातील कोणता ठिपका पृथ्वीवर कोठे पडतो हे प्रणालीला सांगण्याच्या क्रियेस भूसंदर्भन म्हणतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक पत्रकाबाबत हे काम सोपे आहे, कारण सुपे ज्यात येते त्या ४७ जे/७ या पत्रकाच्या चारही कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. तेथे एकच खोच आहे: जुन्या पत्रकांवरील आकडे एव्हरेस्ट या पृथ्वीच्या गणिती आकारावर बेतलेले आहेत, तर उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस ८४ वर, आणि हा भेद न सांगितल्यास सगळा नकाशा शेकडो फूट सरकतो.

गावनकाशावर असे आयते आकडे नसल्याने नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा, शोधाव्या लागतात, आणि खरे कसब येथेच आहे. ओढ्याचे वळण पुरात बदलते, रस्ता रुंद होतो, विहीर बुजते. उलट तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड, जुने देऊळ किंवा पिढ्यान्‌पिढ्या न हललेला बांधाचा कोपरा अधिक भरवशाचा ठरतो. बिंदू गावठाणाभोवतीच दाटले, तर दूरची शीव मोकाट सुटते. म्हणून ते नकाशाच्या कडांपर्यंत विखुरलेले हवेत.

साध्या रूपांतरणाला, म्हणजे नकाशा सरकवणे, फिरवणे, ताणणे आणि तिरपा करणे एवढ्यालाच, तीन बिंदू पुरतात. पण तीनच दिले तर प्रणाली त्रुटी शून्य दाखवते, कारण ताडून पाहायला चौथा बिंदूच नसतो. हे शून्य फसवे आहे. घडी पडून असमान आकसलेल्या कागदासाठी लवचीक रूपांतरण वापरता येते, परंतु ते प्रत्येक बिंदूतून ओढूनताणून जात असल्याने चुकीचा बिंदूही निमूटपणे सामावून घेते. म्हणून काही बिंदू गणिताबाहेर, केवळ पडताळणीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

शिवाय गावनकाशाच्या मैलाला आठ इंच या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर रुंद होते, म्हणून उपग्रहचित्रावर अंथरलेल्या नकाशाच्या आधारे बांधाचा वाद सोडवता येत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.