बंदुकांच्या मेळ्यात रक्त थांबवण्याचा धडा

अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन भरतं तेव्हा सुमारे ८०,००० माणसं एका शहरात जमतात. दालनंच्या दालनं रायफली आणि पिस्तुलांनी भरलेली असतात आणि मांडलेली बंदूक कुणीही उचलून खांद्याला लावून पाहू शकतो. ते शक्य होतं, कारण मांडण्यापूर्वी तिची फायरिंग पिन काढून ठेवण्याची पद्धत आहे. काडतुसाच्या बुडावर टोला मारणारा तो बारीकसा खिळा नसला की बंदूक म्हणजे नुसतं वजनदार लोखंड. ही खबरदारी घेणारे लोक बंदुकीला सगळ्यांत जवळून ओळखणारे आहेत. सराईत हातातूनही गोळी सुटू शकते, ही त्यांनीच दिलेली कबुली आहे. ती जिथे दिली जाते, तिथेच वाहतं रक्त थांबवण्याचा वर्गही भरायला हवा, आणि तो मुख्य दालनात, येणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर.

सराईत हातांविषयीचा एक पुरावा याच अधिवेशनातून मिळाला आहे. हार्वर्डचे अनुपम जेना आणि कोलंबिया विद्यापीठाचे अँड्र्यू ओलेन्स्की यांनी २००७ ते २०१५ या काळातले आरोग्यविम्याचे दावे तपासले. अधिवेशनाचे दिवस आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या तीन-तीन आठवड्यांतले तेच वार त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा अधिवेशनाच्या दिवसांत देशभरात बंदुकीच्या जखमा २० टक्क्यांनी कमी आढळल्या. २०१८ साली हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले आणि लगेच आक्षेप उठला: कोट्यवधी बंदूकधारकांतले ८०,००० घराबाहेर पडले तर एवढी घट कशी होईल? आक्षेप रास्त आहे आणि २० या आकड्यावर मीही फार भार टाकणार नाही. पण घट पुरुषांत आणि जास्त बंदुका असलेल्या राज्यांत अधिक होती, बंदुकीच्या गुन्ह्यांत मात्र फरक दिसला नाही. यावरून बोट गुन्हेगाराकडे जात नाही, रोजच्या हाताळणीतल्या अपघाताकडे जातं.

अशा अपघातात वेळ किती असतो? मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. मांडीतली मुख्य धमनी फाटली तर काही मिनिटांत खेळ संपू शकतो. सुरुवातीला शरीर निभावून नेतं. नाडी धावते, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब टिकून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, अजून ठीक आहे. मग दाब एकाएकी कोसळतो. पेशींना प्राणवायू पुरत नाही, रक्तात आम्ल साठतं, अंग गार पडतं. गार आणि आम्ल वाढलेलं रक्त नीट गोठत नाही, आणि गोठत नाही म्हणून आणखी वाहतं. या चक्रात माणूस शिरण्याआधी हात घातला तरच उपयोग. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक जॉन क्रॅग यांनी बगदादच्या रुग्णालयातल्या २३२ जखमींची नोंद ठेवली. शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत, जाण्यापूर्वी टूर्निकेट (रक्त थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा पट्टा) बांधलेल्यांपैकी ९० टक्के जगले, नंतर बांधलेल्यांपैकी १०. टूर्निकेट बांधल्यामुळे हात किंवा पाय गमवावा लागतो, ही डॉक्टरांमध्येही मुरलेली भीती. या जखमींत तसं एकही उदाहरण नव्हतं.

मात्र टूर्निकेट बांधणं म्हणजे काहीतरी आवळणं नव्हे. सैल पट्टा वरवरच्या शिरा दाबतो, पण खोलवरची धमनी चालूच राहते. रक्त आत येत राहतं, परतीची वाट बंद होते आणि जखम जास्तच वाहते. म्हणून खऱ्या टूर्निकेटला रुंद पट्टी आणि पिळायची दांडी असते. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून पट्टी ओढायची, दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, खाचेत अडकवायची आणि वेळ लिहून ठेवायची. जखमी ओरडतो, कारण हे फार दुखतं. तरी सैल करायचं नाही. जांघेत किंवा काखेत पट्टी बसत नाही. तिथे जखमेच्या तळापर्यंत गॉज बोटाने कोंबत जायचं आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं. (आपल्याकडे सर्पदंशावर दोरी करकचून बांधतात. तिथे आवळणं घातकच. हे ज्ञान तिकडे नेऊ नये.)

या वर्गांवरचा सगळ्यांत जड आक्षेप वेगळा आहे. असे वर्ग घेणाऱ्या ‘स्टॉप द ब्लीड’ मोहिमेचं मूळ अमेरिकेतल्या सँडी हूकच्या शाळेत आहे. २०१२ च्या डिसेंबरात तिथे २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर हार्टफर्डचे शल्यचिकित्सक लेनवर्थ जेकब्ज यांनी तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि २०१५ मध्ये व्हाइट हाउसने मोहीम सुरू केली. पण पुढच्याच वर्षी अशा १२ सामूहिक गोळीबारांतल्या १३९ मृत्यूंची तपासणी प्रसिद्ध झाली. वाचण्याजोग्या जखमा फक्त ७ टक्के लोकांना होत्या आणि हातापायातून रक्त वाहून एकही मृत्यू झाला नव्हता. गोळ्या बहुतेक डोक्यात आणि छातीत लागल्या होत्या. हे मान्यच करायला हवं. टूर्निकेट हे शाळेतल्या गोळीबाराचं उत्तर नाही, आणि तसं सांगणारा शिक्षक पालकांची फसवणूक करतो. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,००० हून अधिक लोक मेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. तिथे कुलूपबंद कपाटच कामाचं. हा वर्ग आहे तो बंदूक साफ करताना मांडीत सुटलेल्या गोळीसाठी, शिकारीत पायाला लागलेल्या छऱ्यांसाठी, लाकूड कापण्याच्या करवतीसाठी, उलटलेल्या गाडीसाठी. अधिवेशनाला येणाऱ्यांच्या घरी यातलं बरंच काही असतं.

शिकलेलं टिकतं का, हा प्रश्न उरतो. मॅसॅच्युसेट्सच्या जिलेट स्टेडियममधल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत प्रत्यक्ष वर्ग केलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्क्यांनी टूर्निकेट बरोबर बांधलं. नुसती चित्रं किंवा ध्वनिमुद्रित सूचना मिळालेल्यांत हे प्रमाण पाचात एकाच्या आसपासच राहिलं. तीन ते नऊ महिन्यांनी वर्गातल्यांची पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा जेमतेम ५५ टक्क्यांना जमलं. काहींना हे अपयश वाटतं. मला त्यात वेळापत्रक दिसतं: वर्षाच्या आत हाताला पुन्हा सराव हवा. आणि बंदूकप्रेमींची एवढी मोठी गर्दी, दांडी पिळून पाहण्याइतकी निवांत, दरवर्षी एका छताखाली आणणारी जागा त्या देशात आधीपासूनच आहे.