लघवी सुटते, की तुंबली आहे?

घरातील वृद्ध पुरुषाचे धोतर वारंवार ओले होऊ लागले की संध्याकाळनंतर त्याचे पाणी तोडले जाते आणि ‘वय झाले’ म्हणून विषय मिटतो. आपल्या घरी असे होत असेल, तर आधी त्यांचे ओटीपोट चाचपून पाहावे. बेंबीखाली नारळाएवढा घट्ट फुगवटा हाताला लागला, तर लघवी बहुधा तुंबलेली आहे. काठोकाठ भरलेल्या माठातून पाणी ओघळावे, तशी ती थेंबथेंब बाहेर येते. माठ मात्र रिकामा होत नाही.

मूत्राशयात साधारणपणे 400 ते 500 मिलीलिटर लघवी मावते. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग आवळते, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. अडथळा सावकाश वाढला, तर लिटरभर लघवी साठूनही वेदना होत नाहीत. फसगत इथेच होते, कारण तो दाब उलटा मूत्रपिंडांवर पडत राहतो. स्त्रियांमध्ये अंग बाहेर येणे, तर दोघांमध्येही मुतखडा, जुना मधुमेह, अगदी साधी बद्धकोष्ठताही कारण ठरते. सून विचारू शकत नाही, सासरे सांगत नाहीत. तेव्हा हा प्रश्न मुलानेच विचारावा. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मागे किती उरते हे मोजून घ्यावे, रक्तातील क्रिएटिनिनही तपासावे.

लघवी एकाएकी बंद होणे ही मात्र तातडीची बाब. दुकानातून आणलेली सर्दीची गोळी हे त्याचे नेहमीचे निमित्त. तिच्यातील क्लोरफेनिरामिन किंवा फिनाइलएफ्रिन मूत्रमार्गाला मानवत नाही. खर्डी आणि कसारा यांच्यामधील उंबरमाळीसारख्या गावात हे रात्री घडले, की पळसाच्या फुलांचा शेक देत सकाळच्या लोकलची वाट पाहावीशी वाटते. शेक द्यावा, वाट पाहू नये. लघवी व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पाजणे तर घातकच. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघावे. कॅथेटर घालून मूत्राशय मोकळे करणे हे बहुधा काही मिनिटांचे काम असते; त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज सहसा नसते.

कॅथेटर घेऊन घरी आल्यावर पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवावी. नळीला पीळ पडू देऊ नये. थंडी वाजून ताप आला किंवा पिशवीत लघवी उतरणे थांबले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. टॅमसुलोसिन सुरू झाले असेल, तर पहिले काही दिवस अंथरुणातून सावकाश उठावे. रक्तदाब उतरून भोवळ येते.